केळाला बी का नसतं, आणि वर्गातल्या टीव्हीचं काय करायचं?

तापीकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. शाळेचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, त्यांनी गप्प बसावं.

२०१६-१७ च्या सुमाराला 'डिजिटल शाळा'ची लाट आली होती, आठवत असेल. गावोगाव लोकवर्गणी झाली, आमच्याकडेही झाली. केळीची गाडी भरली त्या दिवशी कुणी पाचशे दिले, कुणी कापूस विकून दिले. मोठा टीव्ही आला, भिंतीवर चढला, नारळ फुटला, पेढे वाटले. पुढं काय? मी खडूनं जे सांगत होतो तेच टीव्ही सांगायला लागला. पोरं आधी माझ्याकडे बघून गप्प बसायची, आता टीव्हीकडे बघून गप्प बसायला लागली. गेली दोन-तीन वर्षं तो टीव्ही बालगीतं आणि १५ ऑगस्टची भाषणं यापलीकडे फारसा लागत नाही. रिमोटची पिशवी मात्र अजून नवी आहे.

या जूनमध्ये मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडली आणि सांगितलं, काहीही विचारा, नाव लिहायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या. एकीत 'सर तुम्ही छान शिकवता', दुसरीत 'सहल कधी'. पोरांना वाटलं हीपण परीक्षाच असणार. मग मीच रोज एक चिठ्ठी टाकायला लागलो, मला खरोखर न येणारे प्रश्न. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात का नसतात? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? सरांनाही काही गोष्टी येत नाहीत हे कळल्यावर डबा भरायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक चिठ्ठी निघाली. 'केयले बी का बरं नही ऱ्हास?'

पूर्वी मी आधी लाल पेनानं ते 'केळाला बी का नसते' असं करून दिलं असतं. या वेळी तसंच फळ्यावर लिहिलं. वर्गात चौतीस पोरं, निम्म्यांच्या घरी केळीची बाग. घड उतरवताना, पत्ती कापताना, पिल्लं काढताना ही पोरं बापाबरोबर असतात. आणि हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. मलाही नाही, आणि मी म्हणे बी.एस्सी.

माझा हात सवयीनं रिमोटकडे गेला होता. तीन मिनिटांचा व्हिडिओ शोधला असता, उत्तर मिळालं असतं, आम्ही पुढच्या पानावर गेलो असतो. का कोण जाणे, रिमोट ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी केळी आणली (इतकी की मधल्या सुट्टीनंतर कुणी खिचडीला हात लावला नाही). आडव्या चकत्या केल्या. मधोमध बारीक काळे ठिपके. 'हाई बी शे.' 'बी नही, घाण शे.' भांडण लागलं. एका पोरानं त्याच्या मोठ्या भावाकडून शिकलेली युक्ती काढली: मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि फोन अलगद पालथा करायचा. थेंब लटकतो, भिंगासारखं काम करतो. माझा फोन केबलनं टीव्हीला जोडला आणि भिंतीवर हातभर केळं उभं राहिलं. वर्गणीच्या त्या टीव्हीवर पोरांच्या हातातली वस्तू पहिल्यांदा दिसली. सात-आठ वर्षांत पहिल्यांदा.

ठिपके बीसारखे दिसत होते, पण पोकळ, चुरमडलेले. मग ठरलं, पेरून बघू. सुईनं ठिपके काढले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल, म्हणाली, 'सर, शेजारच्या डब्यात मूग टाका. मूग उगवला आणि हे नाही उगवलं तर मातीचा दोष नाही.' मी कॉलेजात शिकलो ते या पोरीनं बाकावर बसून काढलं.

मूग तिसऱ्या दिवशी वर आला. दुसरा डबा अजून तसाच आहे. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळेला एक पोरगं फोटो काढतं.

आता अडचणी. यात चार तासिका गेल्या. केंद्रप्रमुख आले, त्यांनी विचारलं, हा कुठल्या पाठाचा भाग? फोन माझा एकट्याचा, त्यावर दर दहा मिनिटांनी 'माहिती तातडीने भरा' येतं, तेही टीव्हीवर मोठ्या अक्षरात दिसतं आणि पोरं वाचून दाखवतात. आणि मुख्य प्रश्न असा की उत्तर मी अजून दिलेलं नाही. द्यावं का, कधी द्यावं, कुणी द्यावं? तुमच्यापैकी कुणी वर्गात यंत्रं वापरून पोरांना त्यांच्या त्यांच्या प्रश्नामागे जाऊ दिलंय का? नुसतं कौतुक नको, फसलेलंही सांगा.

उगाच

वाचतोय. मुगाच्या डब्याला दंडवत.

चौकस_आई

मास्तर, वाचायला छान वाटलं, पण पालक म्हणून सांगते, चार तासिका एका केळावर? माझा मुलगा जळगावात शाळेत आहे, यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा. आम्हाला शाळेनं सांगितलंय पोर्शन डिसेंबरात संपवणार, मग नुसता सराव. तुमच्या पोरांनाही शिष्यवृत्ती असते. तिथं 'मुगाचा डबा का ठेवला' असा प्रश्न येत नाही.

यंत्रांचं म्हणाल तर आमच्याकडे टॅब आहे. एक अ‍ॅप आहे, बरोबर उत्तराला तारे देतं. आधी हा दिवसभर 'आई, असं का, तसं का' करायचा, डोकं उठायचं. आता करत नाही. तारे मोजतो. मला आधी बरं वाटलं होतं, तुमचा धागा वाचून आता बरं वाटत नाही. पण पोर्शनचं उत्तर द्या.

निवृत्त फळा

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, धुळे जिल्ह्यात. एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. संगणक कक्षाला कुलूप का असतं? लोक म्हणतात मास्तर आळशी. अहो, डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीवर, सही कुणाची? मुख्याध्यापकाची. एक माउस गेला, एक कीबोर्डची कळ तुटली तरी लेखापरीक्षणात आमच्या नावावर शेरा. माझ्या एका शाळेत दहा संगणक पाच वर्षं प्लास्टिकच्या कव्हरात होते. मी निवृत्त झालो तेव्हा मोजून दिले, सगळे नवेकोरे आणि एकही चालू होत नव्हता. माझ्या नोकरीतली सगळ्यात स्वच्छ नोंद तीच असेल. आणि सगळ्यात लाजिरवाणीही.

तेव्हा यंत्र कुठलंही घ्या, आधी पोरांच्या हातात मोडू शकेल असं घ्या. मोडलं तर मोडलं म्हणता यायला हवं.

उगाच

काका, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. अवांतर: आमच्या शाळेत भिंगसुद्धा कुलपात असायचं.

गुणसूत्र

कृषी पदवीधर आहे, केळीत काम करतो. मास्तर, खालचं तुमच्यासाठी आहे, पोरांना आत्ताच वाचून दाखवू नका.

आपल्याकडची ग्रँड नैन काय किंवा जुनी बसराई काय, ही केळी त्रिगुणित आहेत. केळीचा मूळ संच ११ गुणसूत्रांचा. रानकेळीत असे दोन संच, म्हणजे २२. आपल्या केळीत तीन संच, ३३. बी तयार होताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो, तिघांत जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. वर ही केळी परागण न होताही फळ भरतात. पोरांना दिसलेले ठिपके म्हणजे बी होऊ न शकलेल्या बीजांडांच्या खुणा. तुमची पोरं 'बी शे' म्हणाली तीही बरोबर, 'बी नही' म्हणाली तीही.

आता पोरांना काय विचारायचं ते सांगतो. बी नाही, तर मग बाग लागते कशी? ती लगेच सांगतील, पिल्लं, म्हणजे मुनवे. मग म्हणा, तुमच्या वडिलांनी यंदा रोपं कुठून आणली? बरेच जण म्हणतील पिशवीतली, लॅबची. ती उतिसंवर्धनाची. म्हणजे अख्ख्या शिवारातली झाडं एकमेकांची नक्कल. मग एकाला रोग आला तर? इथं पोरं स्वतःच 'हरण्या'वर येतील बघा. तो विषाणू, मावा पसरवतो. एका चिठ्ठीतून फूल, फळ, पेशी, रोग, सगळा विज्ञानाचा पाठ निघतो. ताई, पोर्शनचं उत्तर निदान अर्धं इथं आहे. पाठ सुटत नाही, उलट्या टोकाकडून येतो.

तापीकाठचा मास्तर

गुणसूत्र, धन्यवाद. आज 'मग बाग लागते कशी' एवढंच विचारलं. गोंधळ झाला. एका पोरानं विचारलं, 'मग पहिली केळ कथाईन उनी?' पहिलं केळ आलं कुठून. मी गप्प.

चौकस_आई

ताईचं अर्ध्या उत्तरावर समाधान नाही, नोंद घ्यावी.

कडेकपारी

मी नाशिकची, डोंगर भटकते, म्हणून त्या पोराच्या प्रश्नाला हात लावते. सह्याद्रीत पावसाळ्यात कड्यांवर एक रानकेळ उगवते, चवेणी म्हणतात. आपल्या केळीची चुलत बहीण समजा, कूळ तेच, प्रजाती वेगळी. दिसायला ठेंगणी, बुंधा फुगीर. तिच्या फळात गर नावाला आणि काळपट टणक बिया ठासून भरलेल्या. मजा म्हणजे तिला मुनवे फुटत नाहीत. एकदा फुलते, फळते आणि मरते, पुढची पिढी फक्त बियांतून. तुमच्या बागेतल्या केळीच्या बरोबर उलट. ही काही आपल्या केळीची आजी नाही, पण 'बी असलेली केळ' दाखवायला एकदम फर्मास.

माझ्या मामांच्या परसात इगतपुरीकडे लावलेली आहे, बिया माझ्याकडे डबीभर पडल्यात. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ता कळवा, पोस्टानं पाठवते. टीव्हीवर दाखवू नका हो आधी. हातात द्या, दातानं फोडायचा प्रयत्न करू द्या, फुटणार नाहीत.

सातपुडा पायथा

धडगाव भागातून. आमच्याकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, त्यामुळे 'गूगल करा' हा पर्याय नाही. दोन गोष्टी केल्या त्या सांगतो.

पहिली. तळहाताएवढा एक छोटा संगणक घेतला, रास्पबेरी पाय. त्यावर कोलिब्री आणि किविक्स ही इंटरनेटशिवाय धडे आणि विकिपीडिया दाखवणारी सॉफ्टवेअरं टाकली, तालुक्याला जाऊन एकदाच सगळं भरून आणलं. मराठी विकिपीडिया अख्खा मावतो. तो डबा स्वतःचं वायफाय सोडतो, इंटरनेट लागत नाही, जुने चार टॅब त्याला जोडतात. बॅटरीवर चालतो. वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमची पोरं घरी पावरी, भिलोरी बोलतात. चिठ्ठी लिहा म्हटलं की मराठी लिहावं लागतं, मराठी लिहावं लागलं की प्रश्न आटतो. ज्याला लिहिता येतं तोच चौकस ठरतो. म्हणून मी सिमकार्ड नसलेला एक जुना फोन खिडकीत ठेवला. त्यात फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. ज्याला प्रश्न पडला त्यानं बटण दाबून आपल्या बोलीत बोलायचं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त प्रश्न पहिली-दुसरीच्या पोरांचे, ज्यांना अजून धड अक्षर येत नाही. 'कोंबडीला कान कुठेत?' 'रात्री नदीचा आवाज मोठा का येतो?'

फसलेलंही मागितलंत. टॅब दिले तेव्हा पहिले पंधरा दिवस एका टॅबवर सहा जण, आणि त्या सहांत बोट कायम एकाच पोराचं. मुली मागून बघायच्या. शेवटी नियम केला: बोट चालवणारा गप्प बसणार, काय शोधायचं ते बाकीचे सांगणार. दर दहा मिनिटांनी बोट बदलायचं. भांडणं वाढली, पण मुली पुढं आल्या.

भुसावळ जंक्शन

रेल्वेतला माणूस, मास्तर नाही. पण माझं लहानपण मध्य प्रदेशात होशंगाबादकडे (आताचं नर्मदापुरम) गेलं, भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसलं की तासाभरात खान्देश सुटतो आणि पुढं ते येतं. तिथल्या शाळांत १९७२ पासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू झाला, सुरुवातीला १६ शाळांत, पुढं एकलव्य संस्थेनं सांभाळला. प्रयोग करून, शेतात जाऊन विज्ञान. त्यात सवालीराम नावाचं एक पात्र होतं. पोरं त्याला पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायची आणि सवालीरामचं उत्तर यायचं. उत्तरात बऱ्याचदा उलटा प्रश्न असायचा, 'तू हे करून बघितलंस का?' मीही एक कार्ड टाकलं होतं. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. म्हणजे तीस वर्षं पोस्टकार्ड, भिंग आणि मास्तर एवढ्या 'तंत्रज्ञाना'वर ते चाललं.

शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांचा दिल्लीतला प्रयोगही इथं आठवतो. १९९९, कालकाजी, भिंतीला भोक पाडून संगणक ठेवला, झोपडपट्टीतली पोरं आपली आपण शिकली. पुढं २०१३ मध्ये त्यांना टेड पुरस्कारही मिळाला.

उगाच

भोकाची ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. त्यावर टीकाही बरीच झाली, थोराड पोरं जागा अडवायची, मुली बाजूला. सातपुडेवाल्यांना टॅबवर जे दिसलं तेच. आणि सुगत मित्रा यांनीच पुढं जे केलं ते मला जास्त पटतं: चार-पाच पोरांत एक संगणक, एक मोठा प्रश्न, आणि मागं उभी एक आजी. आजीला काहीही येत नसलं तरी चालेल, तिनं फक्त 'अगंबाई, हे कसं जमलं तुला?' म्हणायचं. आमच्या घरी अशी आजी होती. चार इयत्ता शिकलेली, पण माझ्या वहीतलं सगळं तिला मीच समजावून सांगायचो, म्हणून मला आलं.

बाय द वे, आता तर एआय आहे. फोनला बोललं की उत्तर. मग एवढा खटाटोप कशाला?

तापीकाठचा मास्तर

उगाचराव, केला तोही उद्योग. एका पोरानं माझ्या फोनवर आवाजी टंकनाला विचारलं, 'केयले बी का बरं नही ऱ्हास'. फोननं लिहिलं, 'काय ले बी काम बरं नाही रास'. आणि मग 'काम बरं नसेल तर' काय करावं याचा सल्ला सुरू. वर्ग हसून लोळला. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कुणी सांगितलंच नाही. मग मी शुद्ध मराठीत विचारलं, 'केळीवर हरण्या कशामुळे येतो?' तर हरणं बागेत घुसू नयेत म्हणून कुंपण कसं घालावं ते सांगितलं, सहा मुद्द्यांत. पोरांना एक गोष्ट फुकटात कळली की यंत्र ठाम आवाजात चुकतं.

पण खरं सांगू का, चुकलं म्हणून मला ते नको असं नाही. समजा बरोबर सांगितलं असतं तर मूग पेरायची वेळच आली नसती. आता मी असं करतो: पोरांनी आधी आपला अंदाज फळ्यावर लिहायचा, नावासकट. मगच यंत्राला विचारायचं. अंदाज चुकलेल्याला शेवटी बोलायचा मान.

कपाशीवाला

पारोळ्याकडचा शेतकरी. माझी पोरगी आठवीत. त्यांच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट केली ती सांगतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. सल्ला असा असतो की एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, असे सलग ३ रात्री सापडले की फवारणीचा विचार करा. आम्ही शेतकरी मोजत नाही, शेजाऱ्यानं फवारलं की फवारतो. एवढी साधी गोष्ट.

एका पोरानं विचारलं, 'सर, पतंग चांदण्यात जास्त येतात का अंधारात?' सरांनी सांगितलं, मोजा. दहा घरचे सापळे, सकाळी शाळेत येताना आकडा. शाळेच्या एका संगणकावर तक्ता भरायचा, त्याचा आलेख निघायचा. दीड महिना चाललं. अमावास्या-पौर्णिमेचं काही नक्की सांगता आलं नाही, पाऊस मध्येच यायचा, दोन पोरांनी आकडे ठोकून दिले तेही पकडले गेले (रविवारीसुद्धा तोच आकडा, आणि रविवारी पोरगं मामाकडे). पण झालं काय, आलेख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला लागला. पोरीनं मला सांगितलं, 'बाबा, आपल्या सापळ्यात तीनच आहेत, थांबा.' मी थांबलो. एक फवारणी वाचली. तिच्या गणिताच्या मार्कांचं विचाराल तर जेमतेमच आहेत.

मध्यान्ह

सुंदर धागा. थोडं अवांतर, पण यंत्र नसल्यासारखंच यंत्र. मी धुळ्याचा, आकाश बघणारा. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. चाळीसगावला साधारण २२-२३ मेला, धुळ्याला २४-२५, जळगावला २५-२६, नंदुरबारला २७-२८. जळगावात वेळ १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. पोरं म्हणतात बारा वाजता, आणि तिथंच पहिला वाद होतो.

अडचण अशी की मेमध्ये शाळेला सुट्टी, आणि दुसरी संधी जुलैत, तेव्हा ढग. पण सुट्टीच बरी पडते. पोरं मामाच्या गावाला पांगलेली असतात. कुणी चाळीसगावला, कुणी शहाद्याला. प्रत्येकानं गच्चीवर बाटली ठेवायची, ठरल्या वेळी फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. सावली रोज कुठल्या गावात नाहीशी होते ते नकाशावर टिपायचं. त्या दिवसांत सूर्य आपल्याकडे रोज जवळजवळ २० किलोमीटर उत्तरेला सरकतो. चाळीसगावहून निघून नंदुरबारला पोचायला त्याला चार-पाच दिवस लागतात, एसटीला काही तास. हे वाक्य माझं नाही, सहावीतल्या पोरीचं आहे. फुफाट्यात पाय भाजतात तेवढं सांभाळा, ४५ अंश म्हणजे खेळ नाही.

आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, ते सहलीला जाणाऱ्या किती शाळा पोरांना वाचून दाखवतात?

चौकस_आई

मी परत आले. पोर्शनवर कुणीही धड बोललं नाही, 'उलट्या टोकाकडून' म्हणणं सोपं आहे. ज्या शाळेत चौसष्ट पोरं आणि एक बाई, तिथं डब्यातल्या चिठ्ठ्या वाचायला वेळ कुणाला? शिष्यवृत्ती होईपर्यंत मी काही बदलणार नाही, स्पष्ट सांगते.

फक्त एक केलं. टॅबवरचं तारे देणारं ते काढलं नाही, पण काल केळं कापून ठेवलं आणि काही बोलले नाही. मुलगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, 'आई, हे ठिपके पपईत खूप असतात, केळात एवढेसेच का?' मी 'माहीत नाही' म्हटलं. खोटं बोलले, गुणसूत्र यांचं वाचलं होतं. तो टॅब घेऊन गेला. काय शोधलं ते अजून सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही.

निवृत्त फळा

ताई, चौसष्टवाल्या बाईंचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी होतो तेव्हाही नव्हतं.

गुणसूत्र

चिठ्ठ्या बाईंनीच वाचाव्यात असं कुठंय? सोमवारी एक गट डबा उघडेल, सारखे प्रश्न एकत्र करेल, आठवड्याचा एक निवडेल. बाकीचे भिंतीवर. आठवड्याला एक तासिका, जास्त नको. मास्तरांच्या चार तासिका मलाही जास्तच वाटल्या, खरं तर.

तापीकाठचा मास्तर

मान्य. चार जास्त झाल्या. दोन केळी खाण्यात गेल्या.

केंद्रप्रमुखांना मी 'मुनव्यापासून बाग' हा भाग पुस्तकातल्या वनस्पतींच्या पुनरुत्पादनाला जोडून दाखवला, ते काही बोलले नाहीत, टीव्हीचा फोटो काढून घेऊन गेले. फोनचा प्रश्न सुटला: सातपुडेवाल्यांचं ऐकून घरातला जुना, सिम नसलेला फोन शाळेत आणला. काच तडकलेली आहे, त्यामुळे कुणी घाबरत नाही. डेडस्टॉकला लावलेला नाही, काका.

आणि आज कडेकपारी यांचं पार्सल आलं. ताई, डबी तिघांनी मिळून उघडली. एकवीस बिया. वाटाण्याएवढ्या, एका बाजूनं चपट्या. दातानं फोडायचा प्रयत्न झाला, दोघांनी जबडा धरला. थेंबाच्या भिंगाखाली ठेवल्या, टीव्हीवर डोंगरासारख्या दिसल्या. मग एकानं न सांगता बाजूला आपल्या केळाचा ठिपका ठेवला. पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही.

मुगाची सूचना देणाऱ्या मुलीनं दहा बिया कोमट पाण्यात टाकल्यात, दहा कोरड्या पेरल्यात. एक तिनं मागून घेतली, घरी आजोबांना दाखवायला. आजोबा चाळीस वर्षं केळी लावतायत, बी असलेली केळ असते यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

डब्यातून आज निघालेली चिठ्ठी: 'जीले बी शे तिले पिल्लं नही, जीले पिल्लं शेत तिले बी नही. दोन्ही आसनारी केय शे का?' गुणसूत्र, हे आता तुमच्याकडे. पण इथं उत्तर लिहू नका, व्यनि करा. दोन पोरांना या धाग्याचा पत्ता लागलाय.